तट केळ्यासारखा का वाकतो: उरल्यासुरल्या सामानातून वॉरगेमचा देखावा करताना

परवा भाच्याने फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, तट परत वाकला." फोटोत भुईकोटाच्या तटाचे सहा तुकडे जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं कमीजास्त वर उचललेली होती. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांमध्ये वरच्या अंगाला अशी फट पडली होती की तिच्यात एक अख्खा शिपाई मावावा. हा दोष नवा नाही. सोलापुरात आमच्याबरोबर खेळायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला डोंगर, पहिलं शेत, पहिला तट असाच वळला आहे. दर वेळी दोष पुठ्ठ्यावर जातो, मग आणखी जाड पुठ्ठा येतो, आणि तोही वळतो. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मिनिएचर वॉरगेम म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून, पट्टीने अंतर मोजून, फासे टाकून खेळलेली लढाई. टेबल साधारण ६ बाय ४ फूट. आमचे सैनिक २८ मिमीचे, म्हणजे प्रमाण सुमारे १:५६. लढायला जमीन लागते: टेकड्या, शेतं, ओढे, भिंती, घरं. त्या सगळ्याला आम्ही देखावा म्हणतो, गणपतीतला तोच शब्द. शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेला पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, लोकरीचे गुंडे, टिकल्यांची पाकिटं, दिवाळीच्या किल्ल्याचा उरलेला रंग, यातून हा देखावा उत्तम होतो. विकत आणायची गरज मला तरी आजवर फारशी पडली नाही.

सध्या आम्ही आपल्याच किल्ल्याचा डाव बांधतो आहोत. १८१८ च्या मे महिन्यात ब्रिटिश सेनानी थॉमस मन्रोच्या फौजेने सोलापूरला वेढा घातला आणि पेशव्यांच्या ताब्यातला हा किल्ला घेतला. अख्खा किल्ला टेबलावर मावणार नाही. पण १:५६ ने हिशेब केला तर १०० मीटर तट म्हणजे जवळपास १.८ मीटर, बरोबर टेबलाची लांबी. म्हणून ३० सेंटिमीटरचे सहा तुकडे. वर फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, तिच्या कडेने आइस्क्रीमच्या काड्या कापून केलेल्या चर्या, म्हणजे कठड्याचे दाते, मधे जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं. भाच्याने जंग्या फार सुरेख कोरल्या आहेत. त्यामुळेच ते वाकलेले तुकडे बघून वाईट वाटलं.

आधी वाक कुठल्या बाजूला आहे ते बघा

तुकडा सपाट फरशीवर ठेवा आणि डोळा फरशीच्या पातळीवर आणून बघा. गोंद लावल्यापासून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात बघितलंत तर बहुधा मधला भाग फुगून वर आलेला दिसेल आणि टोकं खाली टेकलेली असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तुकडा बघा. टोकं वर, मध्य खाली, बशीसारखा. एकाच तुकड्याने दोन उलट दिशांना वाकून दाखवलं, आणि सगळं कारण इथेच कळतं.

पुठ्ठा म्हणजे थर देऊन दाबलेला कागद, आणि कागद म्हणजे तंतू. तंतू पाणी प्याले की फुगतात. आपण वरच्या बाजूला गोंद फासला, वरचा थर फुगला, खालचा कोरडाच राहिला, म्हणून मध्य वर आला. मग पाणी उडायला लागतं. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, आणि जमीन दिसावी म्हणून टाकलेली वाळू पक्की करायला आपण त्यात आणखी पाणी घालतो. पाणी गेलं की गोंदाचा पापुद्रा आकसतो. आकसताना तो पुठ्ठ्याचा वरचा थर चारी बाजूंनी मध्याकडे ओढतो. खालून ओढणारं कुणीच नसतं, म्हणून टोकं उचलली जातात. तुकडा लांब आणि अरुंद असेल तर हा वाक डोळ्यांत भरतो. गोल टेकडी बशी होते, तट केळं होतो.

जाड पुठ्ठा घेऊन वाक कमी होतो, जात नाही, तो यामुळेच. ओढ एकाच बाजूने आहे तोवर पुठ्ठा हळूहळू का होईना शरण जातो.

आपल्याकडे हे इतकं जोरात का होतं

थंड, दमट गावात खेळणाऱ्यांचे सल्ले वाचून आपण काम करतो. तिथे गोंद वाळायला रात्र लागते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. त्यात आपण तुकडा पूर्ण वेगातल्या पंख्याखाली ठेवतो, किंवा लवकर वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात. वरची बाजू तासाभरात कडक होते. खालची बाजू फरशीला चिकटून असते, तिच्यातली ओल तिथेच अडकते. दोन्ही बाजू जितक्या वेगळ्या वेगाने वाळतील तितका वाक जास्त.

मी याची खात्री करून घेतली. बुटांच्या खोक्यातून १५ सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद अशा चार पट्ट्या कापल्या. चारींवर सारखाच पातळ केलेला फेविकॉल आणि सारखीच चाळलेली वाळू. एक गच्चीवर, एक पंख्याखाली, एक खोलीत दोन काड्यांवर अधांतरी ठेवून वर वर्तमानपत्र झाकून. चौथीला खालूनही तसाच गोंद लावला आणि तिसरीच्या शेजारी ठेवली. गच्चीवरची पट्टी सगळ्यात जास्त वळली, पंख्याखालची तिच्या थोडी मागे. झाकलेली पट्टी वळली, पण निम्म्याहून कमी. दोन्ही बाजूंना गोंद लावलेली पट्टी फरशीवर जवळजवळ सपाट बसली. तुम्हीही एकदा हे करून बघा. एक दुपार जाते, पण नंतर कुणाचं ऐकायची गरज राहत नाही.

पुस्तक बांधणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पुठ्ठ्यावर बाहेरून कापड डकवलं की ते पुठ्ठा बाहेर ओढतं, म्हणून आतल्या बाजूला कागद डकवतात, तो त्याला परत आत ओढतो. घरातल्या जुन्या बांधीव पुस्तकाचा आतला कागद सुटला असेल तर त्याचं कव्हर कसं वळलंय ते बघा.

उपाय, ज्या क्रमाने मी करतो त्या क्रमाने

पहिलं काम कापण्याआधीचं. खोक्याच्या पुठ्ठ्यात आतमध्ये नळ्या असतात. नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा ताठ, त्यांच्या आडव्या दिशेने तो सहज गुंडाळला जातो. तटाच्या तुकड्यात नळ्या लांबीच्या दिशेने आल्याच पाहिजेत. भाच्याने पुठ्ठा वाचवायला सहापैकी चार तुकडे आडव्या नळ्यांचे कापले होते, आणि सगळ्यात जास्त वाकले ते हेच चार. शक्य असेल तर दोन थर घ्या, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. मधला गोंद घट्टच लावा, पाणी न घालता, आणि पातळ पसरवा. मग वजनाखाली रात्रभर.

वजनाला शहाबादी फरशीच्या तुकड्यासारखं दुसरं काही नाही. आपल्याकडे ती कुठल्याही बांधकामाशेजारी पडलेली सापडते, विचारून एक-दोन तुकडे घ्या. खाली एक, वर एक, मधे तळ, म्हणजे ज्यावर देखावा उभा राहतो तो पुठ्ठा. गोंद फरशीला चिकटू नये म्हणून दुधाची पिशवी धुऊन, कापून, उलगडून मधे घाला. तिला हा गोंद धरत नाही.

दुसरं काम पाणी आत जाऊच न देण्याचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. देखाव्याला हात लावण्याआधी कोऱ्या तळाला वरून, खालून आणि कडांना असं काहीतरी लावा ज्यात पाणी नाही. घर रंगवताना उरलेला ऑइल पेंट चालतो, रंग कुठलाही असू दे. तो पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकेच घासा, नाहीतर त्या गुळगुळीत थरावर गोंद धरत नाही. मला स्वतःला सुतारांकडचं लाखदाण्याचं पॉलिश जास्त आवडतं. ते स्पिरिटमध्ये असतं, पुठ्ठा फुगवत नाही, अर्ध्या तासात वाळतं आणि त्यावर फेविकॉल चांगला बसतो. दोन हात पुरतात. कडा विसरू नका. नळ्यांची तोंडं कडेलाच उघडी असतात, पाणी तिथूनच आत शिरतं. आणि हे काम गॅसपासून, देवघरातल्या दिव्यापासून लांब, खिडक्या उघड्या ठेवून करा. स्पिरिट झटकन पेट घेतं.

तिसरं, वाळू लावायची पद्धत बदला. सगळा तळ पातळ गोंदाने न्हाऊन काढायचा, वाळू टाकायची, वर परत पातळ गोंद सोडायचा, ही पद्धत म्हणजे पुठ्ठ्याला दोनदा आंघोळ. त्याऐवजी घट्ट फेविकॉल, मातकट अ‍ॅक्रिलिक रंग आणि चहाच्या गाळण्यातून चाळलेली वाळू एकत्र कालवा, इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट. आइस्क्रीमच्या काडीने हे दीड-दोन मिलिमीटरचं पसरवा, त्याहून जाड नको. रंग आतूनच असल्यामुळे पुढे कुठे टवका उडाला तरी पांढरा पुठ्ठा डोकावत नाही, हा वरचा फायदा.

चौथं, उलटी ओढ. वरचं काम झालं की त्याच दिवशी तुकडा हलकेच उलटा करा आणि खालच्या बाजूला फेविकॉलचा एक पातळ हात द्या. वर चर्या असतील तर तुकडा उलटा ठेवता येत नाही, मग तो आडवा धरून ब्रशने लावा. काही जण खाली वर्तमानपत्राचा कागद डकवतात, तेही चालतं, पुस्तकवाल्यांचाच तो न्याय.

आणि वाळवणं सावकाश. सावलीत, पंखा बंद, खाली दोन पेन्सिली ठेवून म्हणजे खालूनही हवा जाईल, वर वर्तमानपत्र. मेमध्येसुद्धा पूर्ण एक दिवस द्या. घाई करायचीच असेल तर ती पुढे रंग सुकवताना करा.

हे सगळं करायला वेळ नसेल तर पुठ्ठा सोडून द्या. फ्लेक्स आणि पाट्या बनवणाऱ्या दुकानांत सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोम-प्लॅस्टिकच्या पाटीचे, तुकडे उरतात, मागितले तर पुष्कळदा तसेच देतात. तो पाणी पीतच नाही. ५ मिमीचा घ्या, ३ मिमीचा वरच्या गोंदाच्या ओढीने थोडा तरी वळतोच. तटासारख्या लांब तुकड्यांना मी आता सनबोर्डच वापरतो. शेतं आणि टेकड्या पुठ्ठ्यावर. सनबोर्डला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे उन्हात उभ्या गाडीतली उष्णता. तिथे तो मऊ पडतो आणि जसा ठेवला तसा वळून बसतो.

टॉवेलचं शेत

हा आपल्या गावचा खास प्रश्न आहे, म्हणून वेगळा लिहितो. सोलापुरी चादरीइतकाच इथला टर्किश टॉवेलही नावाजलेला, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. शिलाईचं काम करणाऱ्या कुठल्याही काकूंकडे टॉवेलची कात्रणं मिळतात. त्यातले सुताचे उभे वेढे (फासे) म्हणजे २८ मिमीच्या टेबलावर नुकतंच उगवलेलं शेत. कंगव्याने ओळी पाडल्या की पेरणीच्या तासांसारखे दिसतात. विकतचं गवत इतकं खरं दिसत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण टॉवेलचं शेत तटाहूनही वाईट वळतं, कारण इथे दोन जण ओढतात. गोंद ओढतो आणि सूतही ओढतं. मागावर धागे ताणलेले असतात आणि कोऱ्या कापडात खळ असते. ते पहिल्यांदा भिजलं की खळ सुटते, ताण जातो आणि कापड आटतं. ते पहिलं भिजणं जर पुठ्ठ्यावर चिकटवल्यानंतर झालं, तर आटताना ते पुठ्ठ्यालाही बरोबर घेऊन जातं. खळीचा आणखी एक त्रास असा की तिच्यामुळे गोंद सुतात मुरत नाही आणि महिन्याभराने कोपरे उचकटायला लागतात.

म्हणून कात्रण आधी गरम पाण्यात तासभर भिजवा, साबणाने धुवा, वाळवा, परत एकदा भिजवून वाळवा. मग उलट बाजूने इस्त्री. याच टप्प्यावर ते रंगवूनही टाका, पातळ अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडवून पिळून, आणि कडक वाळू द्या. त्यानंतर वर सांगितल्यासारखं पॉलिश दिलेल्या तळावर घट्ट फेविकॉल पातळ पसरून कात्रण वरून दाबा. चिकटवल्यावर त्याला परत पाणी लागता कामा नये. शेवटी फाशांच्या टोकांवर कोरड्या ब्रशने फिकट पिवळा फिरवला की झालं.

उभी ज्वारी दाखवायची असेल तर टॉवेल पुरत नाही. कणसावर आलेली ज्वारी माणसाहून उंच असते. २ मीटर धरली तर १:५६ ने ती ३६ मिमी होते, शिपायाच्या डोक्यावरून जाणारी. त्यासाठी जुन्या केरसुणीच्या काड्या कापा, टोकाला गोंदात बुडवून रवाळ भुसा लावा. मंगळवेढ्याची ज्वारी ज्यांनी उभी पाहिली आहे त्यांना रंग सांगायला नको. या काड्या पुठ्ठ्यात खुपसू नका, भोकांतून पाणी आत जातं. ५ मिमी सनबोर्डला दाभणाने टोचून त्यात बसवा. आमच्या डावात या ज्वारीत शिरलेली तुकडी पलीकडून दिसत नाही, असा नियम आहे, त्यामुळे तिची उंची बरोबर असणं फार गरजेचं आहे.

आधीच वाकलेल्या तुकड्याचं काय

टाकून देऊ नका. ३० सेंटिमीटरच्या तुकड्याचं टोक फरशीपासून अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत उचललेलं असेल तर तो सरळ होतो. खालच्या बाजूला, फक्त खालच्या, स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा द्या. पाच-दहा मिनिटांत तळ सैल पडतो. सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकांवर वजन ठेवा, चर्यांवर नको. दोन दिवस हलवू नका. काढल्याबरोबर खालून लाखेचा हात द्या, नाहीतर आठवड्यात तो परत मूळपदावर येतो. भाच्याचे दोन तुकडे असेच सरळ झाले.

उरलेले चार, ते आडव्या नळ्यांचे, ऐकेनात. वाक सेंटिमीटरच्या वर गेला की जबरदस्ती केल्यास वरचा थर तडकतो. मग मी लोखंडी पट्टी आणि धारदार कटर घेऊन तळ काढून टाकला, वरचा तट तेवढा मोकळा केला आणि नव्या सनबोर्डवर बसवला. जुन्या कडा दिसू नयेत म्हणून बुंध्याशी चाळलेली वाळू आणि काथ्याचे चार तंतू. जंग्या सगळ्या वाचल्या.

आणखी दोन-तीन तक्रारी, ज्या याच्याबरोबरच येतात

थर्माकोलची टेकडी स्प्रे पेंट मारल्यावर विरघळून खड्डे पडले. कॅनमधलं द्रावण थर्माकोल खातं, त्यात कंपनीचा दोष नाही. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे आता हाताशी येतो तो टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातलाच. तो जपून वापरा. आधी फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रिलिक मिसळून दोन हात ब्रशने द्या, एकही पांढरा ठिपका उघडा राहता कामा नये. माझ्या मते त्यावर स्प्रे मारूच नये, ब्रशचा रंग पुरतो.

स्प्रे मारल्यावर सैनिकांवर खरखरीत पावडर बसली. मेच्या दुपारी थेंब हवेतच वाळतात आणि धूळ होऊन बसतात. सकाळी आठच्या आत मारा, नेहमीपेक्षा थोडं जवळून. पावसाळ्यात उलटं होतं, मॅट वार्निश पांढुरकं पडतं. त्या दिवसांत वार्निशचं काम सरळ पुढे ढकला.

चहाच्या चोथ्याचा पालापाचोळा केला, त्याला बुरशी आणि मुंग्या लागल्या. बाहेरच्या लोकांचा चोथा बहुधा कोरा असतो, आपल्या चोथ्यात दूध आणि साखर असते. तीन-चार पाण्यांनी धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून मगच डब्यात भरा. हे एकच काम आपल्या उन्हात झकास होतं.

आणि सरळ झालेले तुकडे ठेवायचे कुठे, हेही लोक विचारतात. कपाटावर, स्लॅबच्या खाली ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे सगळ्यात जास्त तापतं. पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको. साडीच्या रिकाम्या खोक्यात, मधे टॉवेलचं कात्रण घालून, पलंगाखाली आडवे ठेवा. एकावर एक रचायचे झाले तर तळाला तळ लावा.